दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर काय होतं

आमच्या सायकोड्रामाच्या ग्रुपबद्दल (मनातलं दुखणं नुसतं न बोलता ग्रुपसमोर तो प्रसंग करून बघायचा, अशी ही थेरपी) सोलापुरात आता बऱ्याच जणांना कळलंय आणि तेव्हापासून एक प्रश्न मला सारखा येतो, की मॅडम तुमच्याकडं लोक लई रडतात म्हणे, मग रडून मोकळं झालं की बरं वाटतं का ओ? कुणी फोनवर हळू आवाजात विचारतं, कुणी लग्नात जेवायला बसल्यावर शेजारच्या ताटावरून विचारतं. मी तिथल्या तिथं काहीतरी सांगते पण हे दोन वाक्यात सांगायचं काम नाही, म्हणून आज बसून लिहितेय. माझं म्हणणं आधीच सांगते. सायकोड्रामात रडू येतं, आलं तर येऊ द्यावं, पण मी इतकी वर्षं हे काम करताना जे बघितलंय त्यात माणसाच्या आत खरंच काही हललं असेल तर ते रडल्यामुळं नाही, ज्या माणसाशी भांडण आहे त्याच्या खुर्चीत जाऊन बसल्यामुळं आणि तिथून स्वतःकडं बघितल्यामुळं. बाकीची सगळी मांडामांड, म्हणजे खुर्च्या, ग्रुप, वॉर्म-अप, ती सगळी त्या पाच-दहा मिनिटांसाठी असते.

ज्यांना सायकोड्रामा म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागं जाते. जेकब मोरेनो नावाचा डॉक्टर होता, जन्म 1889 चा, बुखारेस्टचा, लहानपणीच घरचे व्हिएन्नाला गेले आणि तो तिथंच शिकून डॉक्टर झाला. विद्यार्थी असताना तो ऑगार्टन नावाच्या बागेत जाऊन बसायचा, आजूबाजूची पोरं गोळा व्हायची, तो गोष्टी सांगायचा आणि मग पोरांनाच त्या गोष्टीतली माणसं व्हायला लावायचा. त्याच व्हिएन्नात तेव्हा फ्रॉइडचं नाव गाजत होतं, पेशंटनं कोचावर झोपून बोलायचं आणि डॉक्टरनं ऐकायचं अशी ती पद्धत. मोरेनोचं म्हणणं असं की माणूस जगतो ते घरात, चार माणसांत, उठत-बसत, भांडत, मग त्याला तसंच चार माणसांत उभं करून का बघू नये. 1921-22 च्या सुमाराला त्यानं व्हिएन्नात एक नाटक मंडळी चालवली जिच्याकडं स्क्रिप्टच नव्हतं, नट स्टेजवर येऊन तिथल्या तिथं प्रसंग उभा करायचे. त्यात बार्बरा नावाची एक नटी होती, स्टेजवर कायम गोड, सोज्वळ भूमिका करायची. तिच्या नवऱ्यानं मोरेनोला सांगितलं की घरी ही अशी नसते, घरी आरडाओरडा, मारामारीपर्यंत जातं. मोरेनोनं तिला स्टेजवर भांडखोर, रस्त्यावरच्या बायकांच्या भूमिका द्यायला सुरुवात केली आणि घरातलं भांडण कमी व्हायला लागलं, मग त्यानं नवऱ्यालाही स्टेजवर घेतलं आणि दोघांकडून त्यांच्याच घरातले प्रसंग करून घेतले. हे मोरेनोनं स्वतः लिहून ठेवलंय. 1925 ला तो अमेरिकेला गेला, 1936 ला न्यूयॉर्कजवळ बीकन या गावी स्वतःचं हॉस्पिटल काढलं आणि त्यात सायकोड्रामासाठी खास स्टेज बांधलं, गोल, पायऱ्यापायऱ्यांचं, वर बाल्कनी असलेलं. पुढं त्याची बायको झेर्का हिनं हे काम इतकं वाढवलं की मला तरी ती त्याच्याइतकीच मोठी वाटते, 1974 ला मोरेनो गेल्यावर कितीतरी वर्षं ती जगभर लोकांना शिकवत राहिली, 2016 ला गेली.

आता आमच्या सोलापूरच्या स्टेजबद्दल. बाल्कनी वगैरे काही नाही, अशोक चौकाच्या पुढं एका गाळ्याच्या वरचा हॉल आहे, खाली आणि मागच्या बोळात पॉवरलूम चालतात त्यामुळं खटखट कायम असते, नवीन माणसाला पहिल्यांदा त्रास होतो, इथल्या माणसाला तो आवाज ऐकूच येत नाही. उलट मधेच लाईट जाऊन लूम बंद पडले की सगळे बोलायचे थांबतात. परदेशात या कामासाठी रंगीत कापडं, स्कार्फ ठेवतात, लोकांनी त्यातून हे माझे वडील, ही माझी भीती असं करून कापड निवडायचं आणि मांडायचं. आम्ही चादरी ठेवल्यात. एका ओळखीच्या कारखानदारांनी विणीत फॉल्ट असलेल्या, विकायला न चालणाऱ्या दिल्या. सोलापुरी चादर हातात घेतल्यावर इथली माणसं काय करतात माहितीय का, आधी काठ बघतात, वीण बघतात, वजन बघतात, यात कुठं तार तुटलीय ते सांगतात, आणि ते सांगता सांगता बोलायला लागतात. वॉर्म-अप म्हणून मी ट्रेनिंगमध्ये शिकलेले बरेच खेळ आहेत पण या चादरींइतकं लवकर दुसरं काही चालत नाही. एका काकांनी हिरव्या-लाल चौकड्याची चादर उचलली, घडी घातली, परत उलगडली, आणि म्हणाले हे माझे थोरले बंधू, बोलत नाहीत आठ वर्षं, ठेवा तिकडं लांब, दाराजवळ. मग स्वतःच उठून ती दारापासून थोडी अलीकडं ओढली. तेवढ्यात मला त्या घराबद्दल जे कळलं ते तासभर विचारून कळलं नसतं.

सायकोड्रामात पाच गोष्टी लागतात असं मोरेनो सांगायचा. स्टेज, ज्याचा प्रश्न आहे तो मुख्य माणूस, डायरेक्टर म्हणजे थेरपिस्ट, मुख्य माणसाच्या आयुष्यातल्या लोकांच्या भूमिका करणारे सहायक, आणि बघणारे बाकीचे. अभिनय यायला पाहिजे अशी अट कुठंच नाही. उलट ज्यांनी गणपतीच्या मंडळात, कॉलेजच्या एकांकिकांत कामं केलीत त्यांना सुरुवातीला जड जातं, ते प्रेक्षकांकडं बघून बोलतात, आवाज लावतात. मी स्वतः हौशी नाटकातून आलेली आहे, स्पर्धेसाठी हुतात्मा स्मृती मंदिराच्या स्टेजवर उभी राहिलेली आहे, म्हणून सांगते की दोन्हीत फरक आहे. तिथं आपण तिसऱ्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून बोलतो, इथं समोरच्या खुर्चीतल्या आईला ऐकू जावं म्हणून बोलतो, मग ती खुर्ची रिकामी का असेना.

पुढं जे प्रसंग सांगतेय त्यात वय, घर, नाती, कामं सगळं बदललंय आणि दोन-तीन जणांच्या गोष्टी एकात मिसळल्यात, कुणाची ओळख पटायला नको म्हणून. ज्यांच्या आहेत त्यांना विचारूनच लिहितेय.

एक अक्का होती, पस्तिशीच्या पुढची, बिड्या वळते. डोकं दुखतं म्हणून सगळीकडं फिरून झालं होतं, डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही, मग त्यांनीच इकडं पाठवलं. घरात दहावीतल्या पोरीशी रोज भांडण. पोरगी अभ्यास करत नाही म्हणून अक्का ओरडते, ओरडून झालं की डोकं धरते. बोलता बोलता निघालं की तिला स्वतःला सातवीतून शाळेतून काढलं होतं आणि आईनं सूप हातात दिलं होतं, पानं कापायला बस म्हणून. आई अजून आहे, धाकट्या भावाकडं असते, अक्का तिच्याशी कामापुरतंच बोलते. हे सगळं तिनं आम्हाला अगदी सपाट आवाजात सांगितलं, रेशनचा नंबर सांगावा तसं. मी विचारलं, आईशी बोलायचंय का, तर म्हणाली बोलून काय होणार ओ मॅडम, झालं ते झालं.

दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. आधी ती स्वतःच्या खुर्चीतून आईच्या रिकाम्या खुर्चीशी बोलली, दोन-चार वाक्यं, जी ती मनात हजारदा बोलली असणार. मग मी तिला उठवलं आणि आईच्या खुर्चीत बसवलं, म्हणजे आता तू तुझी आई, ही समोर तुझी मुलगी बसलीय. तिच्या जागी ग्रुपमधली दुसरी बाई बसली आणि अक्काचीच वाक्यं तिनं परत म्हटली. याला रोल रिव्हर्सल म्हणतात. बसल्यावर पहिल्यांदा अक्काची पाठ वाकली. मग गुडघा वर घेतला. मग बोटं हलायला लागली, पान नाही, तंबाखू नाही, सूप नाही, पण अंगठा आणि दोन बोटं बिडी वळत होती, वळून टोक दाबत होती, बाजूला ठेवत होती. तिला स्वतःला ते कळलंही नव्हतं. आणि मग ती तेलुगूत बोलली. तोवर सगळं मराठीत चाललं होतं कारण मी मराठी, पण आईच्या खुर्चीतून पहिला शब्द निघाला तो "तिन्नावा?", जेवलीस का. पुढं सगळं तेलुगूत. मला थोडंफार कळतं, सगळं नाही, पण मी थांबवलं नाही आणि कुणाला भाषांतरही करू दिलं नाही, ग्रुपमधल्या निम्म्या बायका पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातल्या, त्यांना कळत होतं आणि अक्काला कळत होतं, तेवढं बास होतं.

मग मी आईलाच विचारलं, तुम्ही मुलीला शाळेतून का काढलंत? आई म्हणाली (म्हणजे अक्काच, पण तेव्हा ती आईच होती) की नवऱ्याचा माग बंद पडला होता, खाली दोन लहान, हजार बिड्या पुऱ्या झाल्या नाहीत तर घरात काही येत नव्हतं, मला वाटलं हिचा हात बसला तर कुणाच्या दारात जायची वेळ येणार नाही. आणि जरा थांबून म्हणाली, तिची पाटी-दप्तर मी टाकलेलं नाही, पत्र्याच्या पेटीत आहे. नंतर अक्कानं आम्हाला सांगितलं की ते दप्तर तिनं लहानपणी एकदा पेटीत बघितलं होतं आणि पूर्ण विसरून गेली होती. ती स्वतःच्या खुर्चीत असताना ते तिला कधीच आठवलं नव्हतं.

परत स्वतःच्या जागी आल्यावर ग्रुपमधली एक जण तिच्या मागं जाऊन उभी राहिली. याला डबल म्हणतात, मुख्य माणसाच्या मनात असेल पण तोंडात येत नसेल असं वाक्य मागं उभं राहून 'मी' म्हणून बोलायचं, आणि ते बरोबर आहे का चूक हे मुख्य माणसानंच ठरवायचं, चूक असेल तर दुरुस्त करायचं. मागची म्हणाली, मला शाळा आवडायची. अक्कानं मान हलवली, मग म्हणाली, शाळा नाही, गणित आवडायचं. आणि मग आईकडं बघून म्हणाली, तुझं सगळं मला कळलं, पण तरी तू चुकलीस.

ती रडली नाही. आजूबाजूच्या बायका रडत होत्या, ती नाही. आणि तरीही माझ्या मते त्या हॉलमध्ये झालेल्या कामातलं ते फार मोठं काम होतं. कारण बघा, तोवर तिच्याकडं दोनच रस्ते होते, एकतर आई वाईट, नाहीतर झालं ते झालं. आईच्या खुर्चीत बसून आल्यावर तिसरा रस्ता निघाला, की आईची मजबुरी खरी आणि माझं नुकसानही खरं. लोकांना वाटतं रोल रिव्हर्सल म्हणजे समजूत घालायची सुधारित पद्धत, दुसऱ्याची बाजू समजून घे आणि सोडून दे. तसं नाहीये ते. दुसऱ्याची बाजू कळल्यावर माफ करायचं की नाही हे परत ज्याच्या त्याच्याकडंच राहतं, फक्त आता ठरवताना समोर खरा माणूस असतो. डोकेदुखी गेली का, तर कमी झाली असं ती म्हणते, मी त्याचं श्रेय घेत नाही. पोरीवर ओरडणं कमी झालं हे मात्र पोरीनंच येऊन सांगितलं.

हे माझं एकटीचं मत आहे असं समजू नका. किपर आणि रिची या दोघांनी 2003 मध्ये सायकोड्रामाच्या तंत्रांवर झालेले 25 प्रयोगात्मक अभ्यास एकत्र करून तपासले होते, त्यात ग्रुप थेरपीचा जसा सर्वसाधारण परिणाम दिसतो त्याच्या तोडीचा किंवा थोडा जास्तच परिणाम दिसला, आणि वेगवेगळ्या तंत्रांत सगळ्यात उठून दिसली ती दोन, रोल रिव्हर्सल आणि डबल. मी हे वाचलं तेव्हा मला खूप बरं वाटलं होतं, कारण हॉलमध्ये मला जे दिसत होतं तेच तिथं लिहिलेलं होतं.

प्रसंग संपला की घाईनं उठून चालत नाही. ज्यांनी भूमिका केल्या त्यांनी त्या उतरवायच्या, मोठ्यानं म्हणायचं की मी आता हिची आई नाही, मी अमुक, मला घरी जाऊन स्वयंपाक करायचाय. चादरी घडी करून जागेवर ठेवायच्या. हे वेळ घालवणं वाटतं पण ज्या बाईनं कुणाच्या तरी दारुड्या नवऱ्याचं काम केलंय तिला तो नवरा अंगावर घेऊन घरी पाठवायचं नसतं.

आणि मग शेअरिंग. सोलापुरात सगळ्यात अवघड काम हे आहे बरं का, रोल प्ले नाही. नियम एकच, सल्ला द्यायचा नाही, विश्लेषण करायचं नाही, फक्त हे बघताना मला माझ्या आयुष्यातलं काय आठवलं तेवढं सांगायचं. आता आपल्याकडं माणूस दुसऱ्याचं दुःख ऐकून सल्ला देत नाही म्हणजे त्याला काळजीच नाही असं समजतात, त्यामुळं पहिल्या काही वेळेला प्रत्येक जण सुरू करतो, असं बघा ताई, तुम्ही काय करा... आणि मला हात वर करून थांबवावं लागतं. एक मावशी तर चिडल्या, म्हणाल्या मग आम्ही इथं बसून काय उपयोग. पण पुढच्या वेळी त्याच मावशींनी सांगितलं की माझ्या मुलीलाही मी नववीतून काढलं होतं, मी अक्काच्या आईच्या जागी आहे, आणि मी आजपर्यंत हे कुणाला बोलले नाही. त्या दिवशी अक्का मावशींकडं बघत राहिली होती. ज्यानं सगळ्यांसमोर स्वतःला उघडं केलंय त्याला एकटं वाटू नये म्हणून शेअरिंग असतं, सल्ला दिला की सल्ला देणारा वर बसतो आणि तो परत खाली एकटा.

अजून एक अडचण इथली. सोलापूर म्हणायला मोठं शहर, पण कुणीही भेटलं की दोन मिनिटांत पाहुणे निघतात. तुम्ही अक्कलकोट रोडला राहता का, मग अमक्यांच्या सुनेच्या माहेरचे का तुम्ही. ग्रुपमध्ये हे धोक्याचं आहे. म्हणून आम्ही आधीच प्रत्येकाशी वेगळं बोलतो, ओळखीचं नातं निघालं तर एकाला दुसऱ्या ग्रुपात घालतो, आणि हॉलमधलं हॉलमध्ये हा नियम दर वेळी सगळ्यांकडून तोंडानं म्हणून घेतो, लहान मुलांसारखं वाटलं तरी. मोबाईल बाहेरच्या टेबलवर.

रोल प्लेचा साधा, रोजच्या कामाचा उपयोगही आहे, त्यात भूतकाळ उकरावा लागत नाही. एक मुलगा होता, स्पर्धा परीक्षा देत होता, पुण्यात राहून, वय सरत चाललेलं, त्याला थांबायचं होतं आणि वडिलांना सांगायची हिंमत नव्हती. वडील एसटीतून रिटायर झालेले. आम्ही ते बोलणं परत परत करून बघितलं, ग्रुपमधले एक गृहस्थ वडील झाले. पहिल्यांदा तर तो खालीच बघत होता, दुसऱ्यांदा वादच घालायला लागला. मग खुर्ची बदलली, तो वडील झाला. चपला काढून शेजारी नीट लावल्या, बसला, बराच वेळ गप्प, आणि म्हणाला, मग लोकांना काय सांगू? ते म्हणताना त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. वडील रागावतील याची त्याला भीती होती, वडीलही घाबरलेले असू शकतात हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. पुढच्या खेपेला त्यानं सुरुवातच बदलली, म्हणाला, आप्पा, लोकांना काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. घरी प्रत्यक्ष बोलला तेव्हा आप्पा ऐकून उठून गेले आणि चार दिवस बोलले नाहीत, सिनेमासारखं काही झालं नाही. पण बोलणं झालं, आणि तो आज जुळे सोलापुरात एका मेडिकल एजन्सीत काम करतो आणि रात्री झोपतो. माझ्यासाठी हे पुरेसं आहे.

मोरेनोची एक कल्पना आहे, सरप्लस रिअ‍ॅलिटी, म्हणजे जे आयुष्यात घडलं नाही, घडू शकणार नाही, ते स्टेजवर घडवायचं. हे समजवायला मला सोलापुरात फार कष्ट पडत नाहीत. आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत दर वर्षी संक्रांतीच्या तोंडावर अक्षता सोहळा होतो, कथा अशी की कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशी लग्न करायची इच्छा धरली, ते योगी, लग्न शक्य नाही, तर त्यांनी योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली. आणि अजून सात नंदीध्वज निघतात, बाराबंदीतले मानकरी, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, लाखभर लोक हात वर करून अक्षता टाकतात. मी विधीला थेरपी म्हणत नाहीये, ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि मीही तिथं अक्षता टाकायला जाते. पण जे प्रत्यक्षात होऊ शकलं नाही ते चार माणसांच्या साक्षीनं करता येतं आणि ते खोटं नसतं, ही गोष्ट इथल्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही. आपली भारुडं म्हणा, हादग्यात सासरच्या-माहेरच्या माणसांचा आवाज काढणं म्हणा, दुसरं माणूस होऊन आपलं बोलणं आपल्याकडं कायमच होतं.

कोविडनंतर याची फार गरज पडली. कितीतरी घरांत शेवटचं बघायलाही मिळालं नव्हतं. एक काका होते, बायको हॉस्पिटलमध्ये गेली ती गेलीच. त्यांच्यासाठी आम्ही खाट मांडली, चादर अंथरली, त्यांना जे बोलायचं होतं ते बोलू दिलं, मग त्यांनाच बायकोच्या जागी बसवलं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं बोलतील. ते बायको होऊन म्हणाले, गॅसचं पुस्तक वरच्या कप्प्यात आहे, आणि गोळ्या जेवल्यावर घ्या, आधी नाही. मग स्वतःच्या जागी येऊन म्हणाले, घेतो. रिकाम्या खुर्चीचं तंत्र आज लोक गेस्टाल्ट थेरपीवाल्या फ्रिट्झ पर्ल्सच्या नावानं ओळखतात, त्यानं ते गाजवलं हे खरं, पण त्याच्याआधी मोरेनो ते करत होता. श्रेय कुणाचंही असो, खुर्ची कामाची आहे.

आता जे मला कळकळीनं सांगायचंय ते. हे सगळीकडं, सगळ्यांवर करायची गोष्ट नाही. हल्ली दोन दिवसांची शिबिरं होतात, मोठा हॉल, अंधार, बारीक म्युझिक, डोळे मिटायला सांगतात, आईवडिलांना आठवा म्हणतात, शे-दीडशे माणसं एकदम हुंदके द्यायला लागतात, आणि मग फोटो टाकतात की बघा किती लोक मोकळे झाले. तिथून आलेली माणसं मला नंतर भेटतात. रडताना हलकं वाटलं होतं, घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सगळं परत आलं आणि आता झोपही लागत नाही, कुणाला फोन करायचा तर माहीत नाही. जखम उघडायला दहा मिनिटं लागतात, कुणालाही येतं ते. उघडल्यावर त्या माणसाला कुणाच्या जागी न्यायचं, तिथून परत कसं आणायचं, उद्या-परवा त्याच्यासोबत कोण आहे, हे ज्याला सांगता येत नाही त्यानं उघडू नये.

दुसरं, जिथं मारहाण आहे तिथं रोल रिव्हर्सलची घाई करू नये. बाई नवऱ्याचा मार खाऊन आलीय आणि तिला आपण सांगतोय की आता तू नवरा हो, त्याच्या जागेवरून बघ. अहो तिला लहानपणापासून तेच तर सांगितलंय, त्याच्या जागेवरून बघ, तो दमून येतो, त्याला टेन्शन असतं. तिला आधी तिच्या स्वतःच्या खुर्चीत नीट बसता यायला पाहिजे, मागं डबल पाहिजे, शेजारी तिच्या बाजूची माणसं पाहिजेत, आणि स्टेजच्या बाहेर तिची खरी सुरक्षितता बघायला पाहिजे. नवऱ्याची खुर्ची कधी आणायची, आणायची का, हे ती ठरवेल. कधीच नाही आणली तरी चालतं. लहानपणी ज्यांच्यावर अत्याचार झालाय त्यांच्याबाबतीत तर याहून जास्त जपावं लागतं, तिथं मी एकटीनं निर्णय घेत नाही.

तसंच ज्यांना भास होतायत, आवाज ऐकू येतायत, किंवा जीव द्यायचे विचार चाललेत, दारूचं व्यसन तेजीत आहे, त्यांना आधी सायकिअ‍ॅट्रिस्टकडं नेलं पाहिजे, गोळ्या लागत असतील तर गोळ्या. मोरेनो स्वतः फार गंभीर पेशंटबरोबर काम करायचा पण त्याच्याकडं हॉस्पिटल होतं, रात्रंदिवस माणसं होती, आमच्याकडं गाळ्यावरचा हॉल आहे आणि सहाला किल्ली परत द्यायची असते. माझ्या ग्रुपमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच मी आधी एकटं भेटते आणि काही जणांना नाही म्हणते, ते रागावले तरी.

कुणाला अशा ग्रुपमध्ये जायचं असेल, इथं किंवा पुण्या-मुंबईत, तर जाण्याआधी विचारा. चालवणारा कोण आहे, तो सायकोड्रामा किती काळ आणि कुणाकडं शिकलाय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणत असेल तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का. ग्रुपमध्ये किती माणसं असतात, माझा अनुभव असा की दहा-बाराच्या वर गेलं की शेअरिंगला वेळ उरत नाही. मी नको म्हटलं तर चालेल का, नुसतं बघत बसलं तर चालेल का, मधून उठून जाता येईल का. सेशननंतर त्रास झाला तर कुणाला फोन करायचा. व्हिडिओ काढतात का. यातल्या एकाही प्रश्नावर समोरचा माणूस हसून विषय बदलत असेल तर जाऊ नका. आणि हे सगळं करायला वेळ नसेल, आत्ता, आज रात्रीच कुणाशी तरी बोलणं गरजेचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, 14416, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

आमच्या ग्रुपमध्ये अजून बायकाच जास्त आहेत, बरेचसे पुरुष येतात ते एकटे भेटायला, ग्रुपचं नाव काढलं की शिफ्ट आहे म्हणतात. लूमवर काम करणाऱ्या, रात्रपाळी संपवून येणाऱ्या माणसांसाठी सकाळचा वेगळा ग्रुप सुरू करायचं चाललंय, हॉलच्या मालकांशी बोलणं झालंय, ते सकाळी आठला किल्ली द्यायला तयार आहेत. तुमच्या घरात, गल्लीत कुणी असेल तर आधी मला एकट्यानं येऊन भेटायला सांगा, काही करायला लावणार नाही, नुसतं बोलू.